संत्र्याचा उपास

इंद्राच्या नंदनवनात पारिजातक होता, कल्पवृक्ष होता, बारा महिने फुलांचा बहर होता. परंतु त्या बागेचा माळी कोण आणि झाडांना पाणी किती दिवसांनी घालीत, याविषयी पुराणे अवाक्षर काढीत नाहीत. मी राहतो त्या नागपूरच्या नंदनवनात मात्र हा प्रश्न घरोघर आहे. ही आमची पूर्व नागपुरातली वसाहत. नाव देवांचे, प्लॉट माणसांचे. फाटकापासून पायरीपर्यंत जी चार हात जागा उरते तेवढ्यात ज्याने त्याने आपापला स्वर्ग मांडलेला : एक जास्वंद, एक कढीपत्ता, एखादी पपई आणि नागपूरकर म्हणून अब्रू राखायला संत्र्याचे एक झाड.

आमच्याकडेही ते होते. रोपवाटिकेतून मी स्वतः कलम आणले, खड्डा खणून लावले आणि त्या दिवसापासून घरात जणू नवे बाळ आल्यासारखी धांदल सुरू झाली. सकाळी मी एक बादली घालीत असे, संध्याकाळी आमच्या सौ. एक घालीत, आणि दुपारी भांडी धुतल्यावर मोलकरीणबाई उरलेले पाणी तिथेच रिकामे करी. उन्हाळ्यात तर विचारूच नका. दोन वर्षे झाड हिरवेगार होते. तिसऱ्या पावसाळ्यात पाने पिवळी पडू लागली. ती तहानेने पडतात असे समजून आम्ही आणखी पाणी घातले! खोडाला बुंध्याशी चिरा गेल्या, त्यांतून मधासारखा डिंक पाझरू लागला आणि दिवाळीपूर्वीच झाड वाळले. मी कलम विकणाऱ्याला मनसोक्त दोष देऊन मोकळा झालो.

त्याच सुमारास सौ.चे मामा आमच्याकडे आले. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. उभा जन्म त्यांनी त्या झाडांत काढला. मला वाटले, मामा झाडाची पाने पाहतील, साल पाहतील, रोगाचे नाव सांगतील. त्यांनी झाडाकडे पाहिलेच नाही. खुरपे मागितले, बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर खोल उकरले, मूठभर माती घेतली, दाबली, नाकाशी नेली आणि तो गोळा माझ्या तळहातावर ठेवला. चिकट, थंडगार, आणि कुजक्या पाल्यासारखा वास.

"जवाईबापू," मामा म्हणाले, "हे झाड तहानेनं नाही मेलं. बुडून मेलं."

मी मराठीचा अध्यापक. झाडाझुडपांवरच्या कविता वर्गात शिकवता शिकवता वीस वर्षे गेली. पण त्या दिवशी लक्षात आले की आम्ही वाचणारी माणसे झाडाकडे नेहमी वरच्या अंगाने पाहतो. पान, फूल, फळ, सावली! झाडाचे अर्धे आयुष्य जमिनीखाली जाते आणि तिथल्या हवापाण्याची आम्हाला काडीची खबर नसते. मामांनी वापरलेला एक शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. तो शब्द म्हणजे 'वाफसा'.

पाऊस पडून गेल्यावर किंवा ओलित केल्यावर जमीन आधी चिखल असते. मग जास्तीचे पाणी खाली निथरते आणि एक दिवस असा येतो की माती मुठीत दाबली तर गोळा होतो, पण बोटांना चिकटत नाही, आणि हातातून सोडला तर फुटतो. जमीन वाफशावर आली, असे शेतकरी म्हणतो ते याच वेळी. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत आता पाणीही आहे आणि हवाही आहे. मुळांना दोन्ही लागतात. मूळ पाणी ओढते ते श्वास घेऊन. पोकळ्यांत नुसते पाणीच भरले तर मुळाला प्राणवायू मिळत नाही, ते गुदमरते, आणि गुदमरलेले मूळ पाण्यात बुडालेले असूनही पाणी ओढू शकत नाही. म्हणून वर पाने पिवळी पडतात, माना टाकतात. आणि आमच्यासारखे शहाणे आणखी एक बादली घालतात. त्यातच त्या साचलेल्या पाण्यात फायटोप्थोरा नावाच्या सूक्ष्म जीवाचे बीजाणू अक्षरशः पोहत पोहत मुळांपर्यंत व बुंध्यापर्यंत पोहोचतात. संत्रेवाले ज्याला डिंक्या म्हणतात तो रोग त्याचा. त्यासाठी मोरचूद आणि चुना यांचा बोर्डो मलम बुंध्याला लावतात, आणि झाडाभोवती दोन आळी करून पाणी बाहेरच्या आळ्यात देतात, म्हणजे खोड कोरडे राहते. आमच्या झाडाचे खोड तर रोज सकाळ-संध्याकाळ न्हात होते.

"डिसेंबरात बगीचा पाहाले या," असे सांगून मामा गेले.

नागपूरहून पश्चिमेला काटोल सुमारे साठ किलोमीटर. सीताबर्डीची टेकडी काळ्या कातळाची आहे हे नागपूरकरांना ठाऊक असते. पण दख्खनचा तो प्रचंड कातळ पूर्वेकडे येऊन साधारण याच टापूत संपतो, हे सहसा ठाऊक नसते. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, नरखेड आणि पुढे अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शी हा सारा मुलूख त्याच कातळाच्या झिजेतून झालेल्या मातीचा. रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची झाडे नागपुरास आणविली असे सांगतात. राजवाड्याच्या बागेतून ते झाड या मातीत उतरले आणि इथेच रमले. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले, म्हणजे हे नाव दुसऱ्या मुलखातल्या फळाला लावायची आता सोय नाही.

मामांच्या बागेत पाऊल टाकले आणि मी चरकलो. पाने मरगळलेली, कडांना मुडपलेली. पुष्कळशी पिवळी होऊन खाली पडलेली. जमीन वखरून उघडी टाकलेली आणि जागोजाग भेगाळलेली. विहीर तर भरलेली दिसत होती.

"मामा, मोटार बिघडली का?"

"मोटारीले काय धाड भरली? पाणी म्या बंद केलं."

संत्र्याच्या धंद्यातला हा 'ताण'. परीक्षेचा ताण, संसाराचा ताण असा हा शब्द आपण वापरतो. बागाईतदार तो झाडाला देतो, आणि ताण बसला की नाही हे रोज पाहतो. गोष्ट अशी की संत्र्याला वर्षातून दोनतीनदा फुलायची हौस असते. आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांत फुलतो तो आंबिया बहार. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार. हस्ताच्या पावसावरचा तिसरा. पण सगळे बहार घेतले तर झाड खचते आणि फळही धड येत नाही. म्हणून एकच बहार धरायचा. तो कसा धरायचा? तर त्याआधी झाडाला उपास घडवायचा. पाणी तोडले की नवी पालवी थांबते. झाडाची वाढ थांबते, पण पाने अन्न तयार करीतच असतात. ते खर्ची न पडता फांद्यांत साठत जाते. कोरड किंवा थंडी, यांतले काहीतरी पुरेसे दिवस सोसल्यावाचून संत्र्याच्या डोळ्यातून फूल निघत नाही, नुसते पान निघते. मग जानेवारीत ताण तोडतात. आधी खत, मग आंबवणीचे हलके पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचे त्याहून थोडे अधिक, आणि मग नेहमीचे. उपास सोडताना आपणही एकदम पंगतीला बसत नाही. पंधरावीस दिवसांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरून येते, आणि तो वास बैलगाडीच्या रस्त्यापर्यंत येतो.

किती दिवसांचा उपास? इथे पुस्तक उपयोगाचे नाही, माती सांगेल ते खरे. शेजारच्या उतारावरच्या मुरमाड हलक्या जमिनीत महिन्याभरात ताण बसतो. मामांच्या भारी काळ्या जमिनीला दीड-दोन महिनेही पुरत नाहीत. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण त्या भेगांच्या खाली ती ओल घट्ट धरून असते. वर भेगा पाहून शेतकरी म्हणतो ताण बसला. खाली मुळे गुपचूप पीत असतात! मामा म्हणूनच रोज सकाळी एक खड्डा खणत. उलट ताण फार लांबला तर शेंडे वाळून सल होते आणि कधी झाडच जाते. चौथा हिस्सा पानगळ झाली की मामा समजत, पुरे.

आणि हे सगळे ज्या थंडीच्या भरवशावर चालते ती थंडीही पुन्हा जमिनीतच मोजावी लागते. जमीन १२-१३ अंशांच्या खाली गेली की संत्र्याची वाढ जवळपास थांबते. नागपुरी जमीन एवढी गार क्वचित होते. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता खरा, पण तो हवेचा. माती हवेइतकी उतावळी नसते. वरच्या बोटभर थरात दिवसरात्रीचा चढउतार मोठा. हातभर खाली दिवस आणि रात्र यांत फारसा फरकच नाही. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत दुपारचे ऊन रात्री पोहोचत असे, तसेच हे. शिवाय पाण्याची ऊष्णता धरण्याची शक्ती कोरड्या मातीच्या चारपाच पट असल्यामुळे ओली जमीन सावकाश तापते, सावकाश निवते. कडाक्याच्या रात्री मामा बागेच्या एका तुकड्याला ओलित देत ते याचसाठी. तो तुकडा कोवळ्या रोपांचा, त्यांना ताणातून सूट होती.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर शेकोटी पेटली. मामांचा मुलगा कृषी महाविद्यालयात शिकून घरची शेती पाहतो. आमच्या गप्पा ऐकून तो म्हणाला, "जिजाजी, आमची जमीन तरी वर्षभर जागी असते. सैबेरियात जमीन बारमाही गोठलेली असते, आणि तिथेही जंगल आहे." मला ते खरे वाटेना. नागपुरास परत आल्यावर मी ग्रंथालयात बसून त्या विषयाची चार पुस्तके चाळली. मुलगा बरोबर होता.

याकुत्स्क नावाचे शहर आहे. तिथे शेर्गिन नावाच्या एका माणसाने १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. खणता खणता १८३७ उजाडले, विहीर ११६ मीटर खोल गेली, पण पाणी नाही. खालपर्यंत जमीन दगडासारखी गोठलेली! पुढे मिडेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने १८४४ साली त्याच कोरड्या विहिरीत उतरून वेगवेगळ्या खोलीवर जमिनीचे उष्णतामान मोजले. बिचाऱ्या शेर्गिनला पाणी मिळाले नाही, शास्त्राला मात्र विहीर मिळाली.

अशा जमिनीवर लार्च नावाचा सूचिपर्णी वृक्ष मैलोगणती पसरलेला आहे. उन्हाळ्यात वरचा हातभर ते पुरुषभर थर तेवढा वितळतो. लार्चची सारी मुळे या थरात, जमिनीला समांतर पसरलेली; खाली जायला वाटच नाही. तिथे वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून नागपूरच्या पावसाच्या जेमतेम चौथाई. एवढ्या पाण्यात जंगल उभे राहू नये. राहते ते त्या खालच्या गोठलेल्या तळामुळेच, कारण वितळलेले पाणी तो खाली झिरपू देत नाही. पण तोच तळ मुळांना गारही ठेवतो. गार पाणी घट्ट होते, मुळांतून सावकाश चढते; जिथे जमीन फार थंड आणि फार ओली तिथे शंभर वर्षांचे झाड मनगटाएवढे राहते. जमिनीवर शेवाळ्याची जाड गादी असली तर ऊन खाली पोहोचत नाही आणि वितळणारा थर पातळ होतो. वणव्याने ती गादी जळाली तर काही वर्षे थर खोल जातो, जमीन उबदार होते आणि नवी झाडे जोमाने वाढतात. आता जग तापते आहे तसे खालचे बर्फच वितळू लागले आहे. ते जिथे जास्त असते तिथे जमीन खचते, झाडे दारू प्यायल्यासारखी वाकडीतिकडी कलतात, खड्ड्यांत पाणी साचते. आणि मग तो थंड देशाचा वृक्षही आमच्या अंगणातल्या झाडासारखाच बुडून मरतो.

मामांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्याईचंबी खालचंच बिघडलं."

मामांचे काय बिघडले, ते मी त्यापुढच्या हिवाळ्यात पाहिले. डिसेंबरात ताण बरा बसत होता. जानेवारीत पाणी सोडायच्या आठ दिवस आधी आभाळ भरून आले आणि दोन दिवस पाऊस झाला. थंडीही त्या वर्षी नावापुरतीच होती. काळ्या मातीने ते पाणी घटाघटा पिऊन घेतले. झाडांनी उपास अर्धवट मोडला आणि फुलांऐवजी लुसलुशीत पालवी फुटली. बाहेरून येणाऱ्याने म्हणावे, वा, काय तजेलदार बाग! मामी ओसरीवरून पाहत होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. त्या पालवीची किंमत त्यांना कळत होती. त्या दिवाळीत बागेतून मोजक्या टोपल्या निघाल्या.

आंबिया गेला तर मृग धरावा, असे वाटेल. पण मृगाचा ताण भर उन्हाळ्यात. त्या वेळी थंडीची मदत नाही. सारी भिस्त कोरडीवर. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग साठाच्याही पुढे जाऊ शकतो. संत्र्याची पाणी ओढणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या फूटभरातच असतात. तहान आणि भाजणे एकदमच! मामा म्हणून फांद्यांच्या सावलीखाली वाळल्या गवताचे आच्छादन घालतात. तेवढ्याने माती कित्येक अंश गार राहते. एवढे सोसून मृगाचा पाऊस वेळेवर आला तर ठीक; लांबला तर झाडावर सल; आणि मे महिन्यातच वळीव कोसळला तर ताण पुन्हा मोडला. पूर्वी पंचांगावर बहार धरता येत असे. आता आकाश पंचांग वाचत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली तेव्हा तर फुलेच काय, फांद्यासुद्धा राहिल्या नाहीत कित्येक बागांत.

नागपुरात या झाडांसाठी संस्था कमी नाहीत. अमरावती रस्त्यावर देशाची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. १९८५ मध्ये ती राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. मातीची पाहणी करणारी राष्ट्रीय संस्थाही याच रस्त्यावर. भारी जमिनीत नुसता ताण पुरत नसेल तर वाढ रोखणारी औषधे फवारतात, उंच वरंब्यांवर झाडे लावतात, पाणी ठिबकने देतात. मामांच्या मुलाला हे सगळे येते. आणि सगळे येत असल्यामुळेच तो एके दिवशी म्हणाला, "बाबा, खालची पट्टी काढून टाकू. तिथली माती दोन्हीकडून मारते. पावसाळ्यात निथरत नाही, हिवाळ्यात वाळत नाही."

घरात चार दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. त्या पट्टीतली झाडे मामांनी लग्नाच्या वर्षी लावली होती. पण मुलगा पैशासाठी हट्ट करीत नव्हता, हे मामांनाही कळत होते. वरूडकडे कोरड्या वर्षांत लोकांनी बोअर शेकडो फूट खोल नेल्या, आणि त्या आटल्या तेव्हा अख्ख्या बागा करवतीखाली गेल्या. इथे तर पाणी असून नको झाले होते. पाचव्या दिवशी मामा कुदळ घेऊन खालच्या पट्टीत गेले आणि एका ओळीत सात खड्डे खणले. कमरेएवढ्या खोलीवर सातही खड्ड्यांत निळसर करडी, वास मारणारी माती लागली. माझ्या अंगणात निघाली होती तशीच. मुळे काळी पडलेली, साल बोटाने सोलून येई. मामांनी कुदळ मुलाच्या हाती दिली. "काढ," एवढेच म्हणाले. वरची पट्टी राहिली. खालच्या पट्टीत हल्ली तूर आणि सोयाबीन असते. बांधाला एक झाड तेवढे ठेवले आहे, मामींच्या आग्रहाने.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतील. ती सोलताना हाताला जो वास लागतो तो कुणीतरी जानेवारीत, भरल्या विहिरीशेजारी हात बांधून बसला होता, त्याचा आहे. आमच्याकडे मामांची टोपली येऊन पोहोचली आहे. फळे लहान पण गोड आहेत.

अंगणात नवे कलम लावले त्याला चार वर्षे झाली. या खेपेस खड्ड्यात नव्हे, फूटभर उंच मातीच्या ओट्यावर. मोलकरीणबाईंना भांड्यांचे पाणी नालीत टाकायची सक्त ताकीद आहे. सौ. पाणी घालण्याआधी वीतभर उकरून मूठ दाबून पाहतात आणि गोळा मला दाखवतात. वाफसा आला की नाही यावर आमचे सहसा एकमत होत नाही. आता झाडाला पाचवे लागेल, म्हणजे पहिला बहार धरायचे वर्ष. पाणी केव्हा तोडावे हे विचारायला मी परवा मामांना फोन केला. अंगणातली माती भरणीची, निम्मा मुरूम, निम्मे घराचे डबर. दिवस किती धरू, असे विचारले.

"मले काय विचारता, जवाईबापू?" पलीकडून आवाज आला. "एक खड्डा खणा. त्याच्यात काय दिसते ते पाहा, अन् मंग फोन करा."